काकाजींच्या मागची जागा

काकाजींबद्दल मी सगळं चांगलंच लिहीन असं कोणी धरून चालू नये. माणूस मोठा होता, त्याबद्दल वाद नाही. पण त्यांनी माझ्या हक्काची गोष्ट माझ्या डोळ्यांदेखत दुसऱ्याला दिली, आणि तो दुसरा माणूस रोज सकाळी माझ्यासमोर बसून चहा पितो. त्यामुळे मला ती विसरायची सोयही राहिलेली नाही.

ते जबलपूरच्या आमच्या लष्करी फॅक्टरीत हातोडा शॉपला चार्जमन, म्हणजे शॉपवर देखरेख करणारे, होते. लाल तापलेलं लोखंड आणि त्यावर दिवसभर पडणारे वाफेचे हातोडे, असं ते शॉप. मी बासष्टच्या लढाईनंतर, भरती जोरात होती तेव्हा, प्लॅनिंग ऑफिसात लागलो. पुढची पासष्टची आणि एकाहत्तरची लढाई आम्ही जबलपुरातूनच पाहिली, म्हणजे खिडक्यांच्या काचांवर चिकटवलेले कागद, सायकलच्या दिव्याला अर्ध्यापर्यंत फासलेला काळा रंग आणि न संपणारा ओव्हरटाइम. काकाजी आमच्याहून बरेच मोठे. बायको लवकर गेलेली, मूलबाळ नाही, फॅक्टरीच्या इस्टेटमधल्या क्वार्टरमध्ये एकटे राहात. त्यांचं खरं नाव हजेरीपटावर असेल. सरदारजी वेल्डरपासून बंगाली अकाउंटंटपर्यंत सगळे त्यांना काकाजीच म्हणत.

दर रविवारी सकाळी ते सायकल घेऊन निघत, आणि आम्ही सात-आठ जण त्यांच्यामागे. कधी भेडाघाटला, कधी नर्मदा ओलांडून बरगीच्या रस्त्याला. लोक रविवारी झोपतात, दाढी करतात, सासुरवाडीला जातात. आम्ही आठवडाभर फॅक्टरीत सायकलनेच जायचो आणि रविवारी विरंगुळा म्हणून पुन्हा सायकलवर बसायचो. माझी आई यावर जे बोलायची ते इथे लिहीत नाही.

काकाजींकडे दोन रेसिंग सायकली होत्या. एक त्यांची स्वतःची, कोणा इंग्रज अधिकाऱ्याने देश सोडताना दिलेली. खाली वळलेलं हँडल, बोटाएवढे टायर, पेडलला पाय बांधायचे चामडी पट्टे. हँडलमुळे इस्टेटमधली पोरं तिला मेंढा म्हणत. दुसरी त्यांनी स्वतः जमवली होती. फ्रेम कलकत्त्याहून मागवलेली, चाकं कुठल्याशा भंगारातून आणलेली, बाकीचं सगळं घासून-पुसून घरी केलेलं. ही दुसरी त्यांच्या व्हरांड्यात कडीला टांगलेली असे. तिच्यावर कोणी बसत नसे. विचारलं की ते म्हणत, "ही मशीन माझ्या मागच्याची आहे."

मागच्याची म्हणजे काय, ते सांगायला हवं. आम्ही एका रांगेत चालवायचो. पुढच्याच्या मागच्या चाकापासून आपलं पुढचं चाक हातभर अंतरावर ठेवायचं, म्हणजे वारा तो खातो आणि आपल्याला निम्मे कष्ट पडतात. पहिले काकाजी. त्यांच्या मागे जो असेल तो त्यांचा माणूस. आधी त्या जागी एक फिटर होता, त्याची बदली झाली. मग मी एकेकाला मागे टाकत, कोणी आजारी पडलं तर मनातून खूश होत, त्या जागेवर जाऊन पोचलो. माझी सायकल साधी होती, मडगार्ड, कॅरियर, स्टँड आणि चेनकव्हर काढून हलकी केलेली. जागा मिळाली होती, फक्त टांगलेली मशीन खाली यायची बाकी होती. दर शनिवारी संध्याकाळी मी त्यांच्याकडे जाऊन तिची चेन पुसायचो, तेल द्यायचो. काकाजी खिचडी ढवळत बघायचे आणि काही बोलायचे नाहीत.

बोलणं हा त्यांचा प्रांतच नव्हता. रस्त्यावर बोलायला सक्त मनाई होती. बोलताना कोणी दिसला की त्याची रवानगी रांगेच्या शेपटीला. जे काही सांगायचं ते पाठीमागे हात नेऊन, खुणांनी. पंजा उघडला की थांबा, बोट खाली केलं की खड्डा, मूठ म्हणजे रस्ता अरुंद आहे. हातोडा शॉपमध्ये खुणांशिवाय चालतच नाही, त्यामुळे आम्हाला ते बरोबर वाटे. घंटीलाही मनाई. नवा माणूस आला की पाना घेऊन त्याच्या सायकलची घंटी ते स्वतः काढून ठेवत. "घंटी वाजवणारा डोळे वापरत नाही," म्हणत. निघण्यापूर्वी प्रत्येकाची सायकल सीटखाली एक बोट घालून उचलून पाहत, आणि वजन जास्त वाटलं की छत्री, कुलूप, डबा, जे असेल ते खाली उतरवत. यादव म्हणून आमच्यात एक टर्नर होता, त्याची तर त्यांनी एकदा खिशातली तंबाखूची डबीसुद्धा काढून ठेवली.

सायकलीत काही बिघाड असला की ते फ्रेमवर तळहात ठेवून, चाक फिरवून सांगत. शॉपमध्येही तसंच, मशीनच्या अंगावर हात ठेवायचा आणि सांगायचं, बेअरिंग गेलं. मीही डोळे मिटून फ्रेमवर हात ठेवायला शिकलो. मला काही कळायचं नाही, पण चेहरा बरोबर जमायचा.

बडबड्या माणसाला ते 'फ्रीव्हील' म्हणत. सायकलच्या मागच्या चाकातलं फ्रीव्हील कटकट करतं ते पाय थांबले की, काम चालू असताना त्याचा आवाज नसतो. आमचा वर्क्स मॅनेजर म्हणजे त्यांच्या मते फॅक्टरीतलं सगळ्यात महागडं फ्रीव्हील. त्याने काहीही विचारलं की काकाजींचं उत्तर ठरलेलं, "बघून सांगतो." आणि खरोखर बघून सांगत. लोक म्हणत, काय रुबाब आहे, साहेबालासुद्धा दारात उभं ठेवतात.

आणि या मौनी बाबाची गंमत अशी की भेडाघाटला धुवाँधारच्या काठावर पोचलं की त्यांना बोलण्याचं भूतच चढायचं. तिथे नर्मदा अशी कोसळते की शेजारचा माणूस ओरडला तरी ऐकू येत नाही. चहाची टपरी वर लांब होती, पण काकाजी कप हातात घेऊन आम्हाला पार काठावर न्यायचे, धबधब्याकडे पाठ करून बसायचे आणि गोष्टी सांगायचे. आम्ही एकमेकांच्या तोंडाजवळ तोंड नेऊन, हातवारे करून, ओरडून बोलायचो आणि ते मजेत हसायचे. तिथल्या प्रसिद्ध संगमरवरी कड्यांकडे त्यांनी कधी वळून पाहिलं नाही. इतका निवांत माणूस मी दुसरीकडे कुठे पाहिला नाही, आणि त्या वेळी त्यांच्या शेजारी बसायला मिळावं म्हणून मी चहा न घेताही धावत पुढे गेलो आहे.

पासष्टच्या उन्हाळ्यात माझं लग्न झालं. कुमुद सराफ्याच्या मागच्या गल्लीतली. तिचे पूर्वज मराठ्यांच्या चाकरीत इकडे आले ते इथलेच होऊन गेले. ती कॉलेजला लेडीज सायकलने जायची, आणि सराफ्यातून सायकल चालवायची म्हणजे गायीच्या शेपटीपासून हातभर अंतर ठेवून, हातगाडी, टांगा आणि दागिने बघत उलट्या पावली चालणाऱ्या बायका सांभाळत चालवायची. शिवाय ती बोलायची. दिसेल ते बोलायची. मला ते तेव्हा फार आवडायचं.

लढाई थांबून हिवाळा लागला तेव्हा मी तिला एका रविवारी सकाळी तिच्या सायकलवर बरोबर नेलं, आम्ही निघतो ते बघायला. खोटं कशाला बोलू, मला तिला माझी जागा दाखवायची होती. बायकोला दाखवण्यासारखं माझ्याकडे दुसरं काही नव्हतं. ती आमच्या घोळक्यात साडीवरच शिरली, मागे-पुढे बघत बघत, आणि काकाजींच्या पायापाशी येऊन अलगद थांबली.

काकाजींनी तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग तिच्याकडे नीट तोंड करून विचारलं, "कुठं शिकली सायकल?"

"सराफ्यात," ती म्हणाली.

"सारखी मागं काहून पाहून राहिली?"

"मागून काय येऊन राहिलं ते नको का पाहायला, काकाजी?"

काकाजी माझ्याकडे वळले. मला वाटलं, आता बायकोला आवर म्हणतील. ते म्हणाले, "ही मागं पाहते." मग पुन्हा तिला, "बेटा, पुढच्या रविवारी पँट घालून ये."

मग ते व्हरांड्यात गेले, स्टुलावर चढले आणि मी ज्या मशीनला इतके शनिवार तेल दिलं ती खाली काढली. सीट खाली करायला पाना त्यांनी माझ्याकडेच मागितला.

तो आठवडा कसा गेला ते मला विचारू नये. मी कुमुदला सगळे धोके सांगितले. रेसिंग सायकलवर पाठ मोडते, पाय पट्ट्यात अडकतात, टायर इतके बारीक असतात की खडासुद्धा हाडापर्यंत पोचतो. ती म्हणाली, "मग तुम्हाला काहून पाहिजे होती ती?" मी शेवटचा आधार म्हणून आईकडे पाहिलं. सून पँट घालून रस्त्यावर जाणार, आई घर डोक्यावर घेईल अशी माझी खात्री होती. आईने माझी खाकी पँट हातात घेऊन पाहिली, कंबरेला टाका घातला आणि म्हणाली, "आल्यावर धुवून टाक गं, सोमवारी त्याला ड्यूटीला लागेल." मला घरात कोणीच उरलं नाही.

आणि रविवारी रांग अशी लागली. काकाजी, त्यांच्या मागे माझ्या पँटमध्ये माझी बायको, तिच्या मागे मी, मग यादव आणि बाकीचे. मी तिला बजावलं होतं की रस्त्यावर एक शब्द बोलायचा नाही. ती "अच्छा" म्हणाली होती.

सुरुवातीला तिची त्रेधा उडाली, ते कबूल केलं पाहिजे. खाली वाकलं की समोरचं दिसेना, मान वर केली की हँडल डुलायला लागे. ब्रेक इतके तेज की पहिल्यांदा दाबले तेव्हा ती सीटवरून पुढेच आली. रेल्वेच्या फाटकाशी आम्ही थांबलो तर ती पाय पट्ट्यात आहेत हे विसरली आणि उभी आहे तशी, सावकाश, सगळ्यांसमोर आडवी झाली. मी मनातल्या मनात पेढे वाटले. काकाजी उतरले, तिच्या पायाचा पट्टा कसा ढिला ठेवायचा ते दाखवलं, टाच कशी फिरवायची ते दाखवलं. मला त्यांनी कधी काही दाखवलं नव्हतं. सगळं पाहून शिकायला लागलं होतं.

फाटक उघडलं आणि त्यानंतर ती चालायला लागली. गायीच्या शेपटीमागे चालवायची सवय काकाजींच्या चाकामागे कामी आली. ते वळले की ती वळायची, ते हळू झाले की ती हळू, मधलं अंतर कधी कमी नाही, कधी जास्त नाही. आम्हाला हे जमायला वर्ष लागलं होतं. आणि ती बोलत होती. बैलगाडी आली, काकाजी. कसा छान मोहरीचा शेत आहे हो. मागून ट्रक येऊन राहिला. मी वाट बघत होतो की आता पंजा उघडेल, आता बोट मागे दाखवेल, आता तिची शेपटीला रवानगी होईल. काकाजींचा हात हँडलवरून हललाच नाही. यादव मागून हळूच म्हणाला, "भाभीजी को सब माफ है।" तोसुद्धा बोलला आणि त्यालासुद्धा काही झालं नाही.

धुवाँधारला त्या दिवशी काकाजींच्या शेजारी कोण बसलं असेल ते सांगायला नको.

खरी गोष्ट घडली परतताना. ऊन चढलं होतं, मदनमहालच्या टेकड्या दिसायला लागल्या होत्या, आम्ही जरा सुस्तावलो होतो. आणि दुरून फॅक्टरीचा भोंगा झाला. लढाई थांबली तरी पाळ्या रविवारीही चालू होत्या, आणि हा दुपारच्या पाळीचा इशाऱ्याचा भोंगा होता, ज्याच्यानंतर थोड्या वेळात गेट बंद होतं. फॅक्टरीच्या माणसाला हा भोंगा कानाने ऐकावा लागत नाही. तो थेट पायात ऐकू येतो. रोज त्या आवाजावर हजारो सायकली एकदम सुटतात, आणि जो सुटत नाही त्याचा अर्धा दिवस जातो. रविवार होता, आम्हाला कुठेही जायचं नव्हतं. तरी सात जणांनी एकाच क्षणी जीव खाऊन पेडल मारलं. रांगेत, हातभर अंतरावर. मी कुमुदचं चाक चुकवायला सायकल बाहेर काढली, यादव त्याच बाजूने आला, त्याचं पेडल माझ्या स्पोकमध्ये गेलं आणि मागचे सगळे एकामागून एक आमच्यावर येऊन पडले. माझा गुडघा सोलून निघाला. यादव माझ्या पोटावर होता आणि देवाचं नाव घेत होता.

खाली पडल्या पडल्या मी पुढे पाहिलं. काकाजी आणि कुमुद जसे चालले होते तसेच चालले होते. काकाजींच्या पाठीची एक रेघ हलली नव्हती. कुमुदने मात्र मागे वळून पाहिलं, मग तिने वेग वाढवून सायकल काकाजींच्या शेजारी नेली. चक्क शेजारी. आम्ही स्वप्नातसुद्धा ते केलं नसतं. तिने हात लांब करून पंजा त्यांच्या डोळ्यांसमोर धरला. ते थांबले, वळले आणि रस्ताभर पसरलेल्या आमच्याकडे बघत राहिले.

"काय झालं?" त्यांनी विचारलं.

कोणी काही बोलायच्या आत कुमुद त्यांच्या समोर येऊन, सावकाश, एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "भोंगा वाजला, काकाजी."

ते थोडा वेळ तिच्याकडे बघत राहिले. मग आमच्याकडे बघून म्हणाले, "मग? आज रविवार आहे."

हे वाक्य दुसऱ्या दिवशी अख्ख्या फॅक्टरीत पसरलं. जो-तो सांगायचा, भोंगा झाला तरी माणूस हलला नाही, काय मन आहे, काय ताबा आहे. पुढची कित्येक वर्षं कोणी उगाच धावपळ करायला लागला की लोक त्याला म्हणायचे, मग, आज रविवार आहे. आणि त्याच्याबरोबर हेही यायचं की पहिल्याच खेपेला आलेली अमक्याची बायकोसुद्धा हलली नाही. तो अमका मी. कुमुदला मी म्हटलं, "तुला काय, तुझ्यासाठी भोंगा म्हणजे भात उतरवायची वेळ." ती म्हणाली, "हो, तेच तर." तिला या सगळ्यात मोठेपणा घ्यायचा नव्हता, याचासुद्धा मला राग आला.

त्या रविवारनंतर ती काकाजींच्या मागे राहिलीच नाही. ती त्यांच्या शेजारी चालवायला लागली, रस्त्याच्या बाजूने, आणि अखंड बोलायची, त्यांच्याकडे तोंड करून, हात हलवून. काकाजी बघायचे, मान डोलवायचे, मधूनच हसायचे. ज्या माणसाने आम्हाला रस्त्यावर खोकूही दिलं नाही, तो माझ्या बायकोशी भेडाघाटपर्यंत गप्पा मारत जात होता. मागची जागा मला परत मिळाली. पण आता तिला अर्थ उरला नव्हता.

मला कसला तरी संशय आला असेल असं कोणी समजू नये. काकाजींबद्दल तसं मनात आणणाऱ्याची जीभ झडली असती. संशय परवडला असता. मला कुमुदबद्दल राग नव्हता की काकाजींच्या पायी ती माझ्यापासून दूर जाते आहे. मला राग होता की तिच्या पायी काकाजी दूर गेले. एका रात्री जेवताना मी विचारलंच, "एवढं काय बोलायचं असतं तुला त्यांच्याशी?"

"रस्त्यावर काय आहे ते सांगते."

"त्यांना डोळे नाहीत?"

ती ताटाकडे बघून म्हणाली, "डोळे आहेत ना. चांगले आहेत." आणि आईला भाजी वाढायला उठली.

पुढे आमच्या घरात पाळणा हलणार असं ठरलं आणि कुमुदचं सायकल चालवणं थांबलं. बाप होण्याचा आनंद मला झालाच. पण पहिला विचार कोणता आला ते मी सांगितलेलं नाही आणि आताही सांगत नाही. लगेचच्या रविवारी मी सायकल घासूनपुसून लवकर काकाजींच्या दारात पोचलो. ते व्हरांड्यात पेपर वाचत बसले होते. म्हणाले, "आता बंद. गुडघा दुखून राहिला."

"मी आहे ना, काकाजी," मी म्हणालो.

त्यांनी पेपर खाली केला, माझ्याकडे अगदी मायेने पाहिलं आणि म्हणाले, "तू चांगला चालवतो." आणि पुन्हा पेपर वर केला. आमच्या रविवारच्या सायकली तिथे संपल्या. ते मात्र रोज फॅक्टरीत त्याच सायकलने जात राहिले, भोंगा व्हायच्या कितीतरी आधी, रस्ता रिकामा असताना. गुडघा दुखतो असं मी त्यांच्या चालण्यात कधी पाहिलं नाही.

एकाहत्तरची लढाई संपली आणि काकाजी निवृत्त झाले. पुतण्याकडे अमरावतीला जायचं ठरलं. जायच्या आदल्या दिवशी संध्याकाळी ते दुसरी मशीन हाताने ढकलत आमच्या घरी आले. दार मी उघडलं. ते माझ्यापुढे उभे होते, मध्ये सायकल. मी हँडलला हात लावला. ते म्हणाले, "तिला बोलव."

कुमुद बाहेर आली. त्यांनी सायकल तिच्या हातात दिली, तिच्या डोक्यावर हात ठेवला. ती रडायला लागली. ते चहासुद्धा न घेता निघाले, फाटकापर्यंत गेले आणि मागे न बघता रस्त्याला लागले. मी त्यांना मागून दोनदा हाक मारली. ते वळले नाहीत.

त्या दिवशी माझा तोल गेला. मी कुमुदला म्हणालो, "मी मागून हाका मारून राहिलो आणि ते वळत नाहीत. मी इतकी वर्षं त्यांच्या चाकामागे घालवली. तू एका रविवारी येते, धडाधड बोलते, सगळे नियम मोडते आणि त्यांची मशीन घेऊन बसते. काय पाहिलं त्यांनी तुझ्यात? ते एकदा सांग."

तिने पदराने डोळे पुसले. "त्यांना ऐकू येत नाही," ती म्हणाली.

"काय?"

"ऐकू येत नाही त्यांना. हातोड्याने कान गेले. तुम्ही सगळे भोंग्याला उडाले, तेव्हा त्यांची मान पण हलली नव्हती. झोपलेला कुत्रा पण कान हलवतो भोंग्याला. मला तेव्हाच समजलं, आणि मला समजलं ते त्यांना समजलं. मेडिकलवाल्यांना कळलं असतं तर घरी पाठवलं असतं त्यांना, तेही लढाईच्या दिवसात. त्यांनी मला शपथ घातली होती, निवृत्त होईपर्यंत कोणाला सांगायचं नाही म्हणून."

"मलासुद्धा?"

"तुम्हालासुद्धा." ती सायकलच्या सीटवरून हात फिरवत होती. "त्यांना मागून येणारा ट्रक कळायचा नाही. कोणीतरी सांगायला पाहिजे होतं. मला म्हणाले, आधी तुझ्या नवऱ्यालाच विचारलं होतं मी. लग्नाच्या आधी, बरगीच्या रस्त्याला, तिलवाऱ्याच्या उतारावर. त्याच्यावर जीव होता माझा, पण त्याने काही सांगितलं नाही."

मला तो उतार चांगला आठवत होता. बाकीचे मागे राहिले होते, आम्ही दोघंच पुढे होतो. काकाजींनी वेग कमी केला, सायकल माझ्या बरोबरीला आणली आणि विचारलं, "बाबू, मागून काही येऊन राहिलं का? तुला ऐकू येतं?" रस्त्यावर ते पहिल्यांदाच माझ्याशी बोलत होते. मागून ट्रक येत होता, घाटात त्याचा आवाज भरून राहिला होता. मला वाटलं, परीक्षा आहे. नियम मोडतो का ते बघतात. मी ताठ मानेने त्यांच्याकडे पाहिलं, ओठांवर बोट ठेवलं आणि हसलो. ते थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिले, मग त्यांनी मान हलवली आणि ते पुन्हा पुढे गेले. ट्रक त्यांच्या कोपराला घासून गेला तेव्हा त्यांची सायकल एकदम हेलकावली. मला ते खड्ड्यामुळे वाटलं. मी पास झालो होतो. पुढचा महिनाभर मी ती हललेली मान आठवून हवेत होतो.

हे कळल्यावर कुमुदचा हेवा वाटायचा थांबला, असं लिहिलं तर चांगलं दिसेल. तसं काही झालं नाही. ती मशीन ती अजून चालवते, आणि ती फाटकातून बाहेर पडली की माझा जीव खालीवर होतो. पण त्या उतारावरच्या पोराचा हेवा मला तिच्याहूनही जास्त वाटतो. काकाजींनी त्याच्याकडे काही मागितलं होतं हे त्याला माहीत नाही. तो ओठांवर बोट ठेवून, छाती काढून, काकाजींच्या मागे उतार उतरतो आहे, आणि त्याला वाटतं आहे की ही जागा आता कोणी आपल्याकडून घेऊ शकत नाही.